आदरार्थी बहुवचन

गेल्या वर्षी आमच्या शाळेत आंतरशालेय गायन स्पर्धेचे पत्रक आले. त्यात नाट्यगीताचा एक गट होता. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी शिकवतो, म्हणून मुख्याध्यापकांनी ते आमच्याकडे पाठवले. दुसऱ्याच दिवशी आठवीतली एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. मिलादच्या जलशात तिने नात पढली होती तेव्हा समोरच्या बायकांनी ओढणीने डोळे पुसले होते. असा गळा! म्हणाली, "टीचर, मी बालगंधर्वांचे एक पद बसवले आहे. माझे नाव द्याल?"

मधल्या सुट्टीत विषय निघाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "नातपर्यंत ठीक आहे. पण गाण्याबजावण्यात पडलेल्या बायकांची काय बदनामी होते ते पुण्यात कुणालाही विचारा. त्या गोहरनेच बालगंधर्वांना रस्त्यावर आणले ना? घर मोडले, कंपनी बुडवली." सगळ्यांनी माना हलवल्या. आम्ही गप्प राहिलो. मुलीला सांगितले, "तू नातच पढ बेटा, तेच बरे." तिने पुन्हा विचारले नाही. ते न विचारणेच आमच्या मनाला लागून राहिले आहे.

कारण ते बोलणे खरे नाही हे आम्हाला ठाऊक होते.

अब्बांचे भवानी पेठेत शिलाईचे दुकान होते. मशीनशेजारी रेडिओ असे. नाट्यसंगीत लागले की पायट्यावरचा त्यांचा पाय आपोआप थांबायचा. पाच वक्त नमाज पढणारा माणूस, पण गाण्याला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत. लहानपणी एकदा ते आम्हाला बालगंधर्व रंगमंदिरात घेऊन गेले. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रे होती, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. ती दाखवून अब्बा म्हणाले, "अखेरच्या काळात यांची खिदमत एका मुसलमान बाईने केली. तिचे नाव इथे कोणी नीट घेत नाही, आणि आपल्यातही घेत नाहीत."

त्या बाई म्हणजे गोहरबाई कर्नाटकी. कलकत्त्याच्या प्रसिद्ध गोहरजान वेगळ्या. या विजापूरकडच्या बिळगीच्या. १९४३ च्या 'किस्मत' चित्रपटात ज्यांचा आवाज घरोघरी पोचला त्या अमीरबाई कर्नाटकी यांच्या बहीण. बालगंधर्वांच्या गायकीचा त्यांना ध्यासच होता. त्या स्वतः त्याच वळणाने गात. १९३८ मध्ये त्या गंधर्व नाटक मंडळीत आल्या आणि रंगमंचावर स्त्री-भूमिका करू लागल्या.

आता कंपनी बुडवल्याचा आरोप पाहू. बालगंधर्वांच्या कंपनीच्या डोक्यावर १९२१ च्या सुमारासच मोठे कर्ज होते. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला आणि प्रेक्षक बोलपटांकडे वळला. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्वांनी प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये काम केले. गोहरबाई आल्या तेव्हा बालगंधर्व पन्नाशीचे होते आणि संगीत नाटकाचे वैभव ओसरत चालले होते. उतरणीला लागलेल्या गाडीत त्या बसल्या, आणि गाडी त्यांनीच उताराला लावली असे लोक म्हणू लागले.

घराचा प्रश्न इतका सोपा नाही. बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या. त्यांच्या जिवाला जे लागले असेल ते गाण्याच्या गोडीखाली झाकावे असे आम्ही म्हणणार नाही. कलावंत मोठा म्हणून त्याने कुणाला दिलेले दुःख लहान होत नाही. पण त्याचा हिशेब आधी कुणाकडे मागायचा? संसार ज्यांचा होता त्यांच्याकडे की नाही? लोकांनी तो सगळा गोहरबाईंच्या नावावर लिहिला. बालगंधर्वांची उधळपट्टी, अत्तरे, भारी शालू, याला लोक कौतुकाने राजेपणा म्हणाले. त्याच घरातल्या ओढाताणीला गोहरबाईंचा लोभ म्हणाले.

१९५१ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे बालगंधर्वांचे पाय गेले, तेव्हा त्यांना सांभाळणाऱ्या गोहरबाईच होत्या. १९६४ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि १९६८ मध्ये, २६ जून या त्यांच्या जन्मदिवशी, त्यांच्या नावाचे रंगमंदिर खुले झाले. ते व्हायलाच हवे होते. त्यांच्या गाण्याचा मान कुणाच्या कुजबुजीने कमी झाला नाही, हे पुण्याचे मोठेपण. मग तोच नियम गोहरबाईंना का लागला नाही?

वर्गात आम्ही आदरार्थी बहुवचन शिकवतो. आमच्या मुलांना ते लवकर समजते, कारण उर्दूत आप, तुम आणि तू यांतला फरक ती आईच्या मांडीवरच शिकलेली असतात. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये 'नारायणराव गात होते' आणि 'गोहर गात होती' असेच व्याकरण चालले होते. आणि असे बोलणारे आपलेच होते. इतरांना ती मुसलमान म्हणून परकी, आपल्याला ती गाणारी म्हणून परकी. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी आणि गीबत यांना मनाई आहे हे आपण मुलांना पढवतो. गीबत करणे हे मेलेल्या भावाचे मांस खाण्यासारखे आहे, हेही सांगतो. मेलेल्या बहिणीचे काय?

आमचे म्हणणे एवढेच. गाणे कानांनी पारखावे. वागणुकीचा न्याय करायचाच तर जे घडले त्यावरून करावा आणि पुरुषाला व बाईला एकाच तराजूत तोलावे. ऐकीव बदनामीला दोन्हीकडे जागा नसावी.

यंदा पुन्हा पत्रक आले आहे. मुलगी आता नववीत आहे. परवा आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. तिच्या अम्मीने विचारले, "पण लोक काय म्हणतील?" आम्ही त्यांना गोहरबाईंची हकिकत सांगितली. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मुलीला म्हणाल्या, "म्हण पाहू ते काय आहे ते." मुलीने पद म्हटले. अम्मीने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. नाव देण्याची मुदत शनिवारपर्यंत आहे.

स्टाफरूममध्ये मात्र आम्ही या वेळी गप्प राहिलो नाही. म्हणालो, "गोहरबाई म्हणा, सर."