चिंध्यांच्या कागदाची फुले

जयपूर म्हटले की हवामहल, आमेरचा किल्ला आणि लाखेच्या बांगड्या आठवतात. झोटवाड्याचे नाव कोणी घेत नाही. शहराच्या वायव्येला असलेल्या या भागात एकीकडे कारखान्यांच्या शेड, तर दुसरीकडे घरांच्या कॉलन्या. पाहण्यासारखे फारसे काही नाही. पण आप्तांकडे उतरायचे झाले, तर मुक्काम अशाच भागात पडतो. इथून सकाळी निघून शहर ओलांडत दक्षिणेला सांगानेर गाठले, तर घरच्या फोटोंच्या वहीसाठी फार उपयोगाची वस्तू हाती लागते.

चांदपोल दरवाजातून जुन्या शहरात शिरावे. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये वसवलेल्या या नगरीचे रस्ते आजही सरळ आहेत, गर्दी मात्र वाकडीतिकडी! बडी चौपडवर फुलवाल्यांकडे झेंडूच्या राशी दिसतात. उजवीकडे वळले की जोहरी बाजार. इथल्या ओढण्यांवरची गोटापट्टीची फुले जवळून पाहा. सोनेरी फीत कापून, घडी घालून एकेक पाकळी टाचलेली असते. कागदाचे फूल करणाऱ्याने पहिला धडा इथेच घ्यावा.

पुढे सांगानेरी दरवाजा आणि मग सांगानेर. छापील कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात कागजींचीही वस्ती आहे. आमेरच्या राजा मानसिंहांनी सोळाव्या शतकात कागद करणाऱ्यांना इथे आणले, असे सांगतात. गिरणीच्या कागदाने हा धंदा बसवला होता. खादी ग्रामोद्योगाच्या आधाराने तो पुन्हा उभा राहिला. कारखान्यांतून उरलेली सुती कात्रणे बारीक करून त्यांचा लगदा होतो. हौदातल्या पातळ लगद्यात जाळीची चौकट बुडवून उचलली की तिच्यावर ओला ताव उरतो. तो कापडावर उलटायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचा. आपल्याकडे जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता, पुण्यातही 1940 पासून हातकागदाची संस्था आहे. तेव्हा मराठी माणसाला हे अगदीच परके नाही.

फुलासाठी हाच कागद का? सुताचे धागे लांब असतात. ओलसर करून पाकळी वळवली तरी ती फाटत नाही आणि वाळल्यावर वळण सोडत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, कारण त्यात लाकडाचा कच्चा लगदा असतो. त्यातले आम्ल शेजारच्या फोटोलाही डागाळते. आजीचा एकुलता एक फोटो असलेल्या पानावर बाजारातले झगमगीत स्वस्त फूल चिकटवणे मला तरी धाडसाचे वाटते. खरे फूल वाळवून लावणे त्याहून वाईट. त्याचे डाग हमखास उतरतात. मात्र सगळाच हातकागद निर्धोक नसतो. तुरटी घातलेल्या कागदात आम्ल राहते, म्हणून घेताना ‘आम्लरहित आहे का?’ असे जरूर विचारा.

सर्वांत सोपा गुलाब असा: दहा सेंटिमीटरचे वर्तुळ कापा. कडेपासून मध्यापर्यंत जिलबीसारखी गोल पट्टी कापत जा, मध्ये छोटी चकती राहू द्या. बाहेरच्या टोकापासून पट्टी घट्ट गुंडाळा, मग हात थोडा सैल सोडा. फूल आपोआप उमलते. शेवटी चकतीला गोंद लावून ते तिच्यावर बसवा. झेंडूसाठी अडीच सेंटिमीटर रुंद पट्टीला एका बाजूने बारीक झालर कापून गुंडाळले की झाले. गव्हाची खळ वापरू नका, कागद खाणारे किडे तिच्यावर येतात. गडद रंगाच्या कागदाचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग सुटला तर तो कागद भेटकार्डांसाठी ठेवा.

फूल फोटोवर कधीच नको, पानाच्या कोपऱ्यात असावे. वही मिटली की जाड फूल समोरच्या फोटोवर वळ उमटवते, म्हणून त्यासमोरची जागा मोकळी सोडा आणि मध्ये पातळ कागद घाला.

परतीच्या प्रवासात ताव दुमडू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून ती बर्थवर उशाशी ठेवावी. सीटखाली ठेवली, तर कोणाची तरी ट्रंक तिच्यावर बसणारच.