खडखड कुठून येते?

एक्झॉस्टमधून खडखड आली की बहुतेक लोक सायलेन्सरच्या नावाने खडे फोडतात. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत दहापैकी सहा वेळा तरी दोषी निघते ती उष्णतारोधक पत्र्याची ढाल. एखादा नट गंजतो, पत्रा सुटतो आणि ठरावीक आरपीएमला झांजेसारखा वाजतो. स्टीलची मोठी क्लिप आवळली की काम फत्ते.

बंगळुरूत आल्यावर मात्र वेगळंच प्रकरण हाती आलं. इथे स्थायिक झालेल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे सॅन स्टॉर्म आहे. दोन सीटची, उघडणाऱ्या छपराची ही चिमुकली स्पोर्ट्स कार. कंपनी बंगळुरूची, कारखाना आपल्या गोव्यात, रेखाटन फ्रेंच, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी आणि बॉडी फायबरची. आता ती बनत नाही, त्यामुळे सुटे भाग म्हणजे शोधमोहीमच.

"साहेब, जरा बघाल का?" कर्नल म्हणाले. (फौजेत कर्नलसुद्धा सुभेदाराला साहेबच म्हणतो, मुलकी वाचकांनी गोंधळू नये.) "आवाज येतो. आणि हल्ली गाडी चालवली की डोकं जड होतं. वय झालं असेल."

मी विचारलं, डोकं केव्हा जड होतं? उत्तर आलं, पावसात, छप्पर लावल्यावर. मग आवाज बाजूला ठेवला आणि आधी गळती शोधायला घेतली. लडाखला राहिलेल्या कुणालाही कारण सांगायला नको. बुखारी पेटवून खिडकी बंद करून झोपू नका, हे तिथे रोज बजावलं जातं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो.

इंजिन थंड असतानाच सुरू केलं. एकाने मागच्या नळकांड्यावर जाड फडकं क्षणभर दाबलं. कन्व्हर्टरच्या पुढच्या फ्लँजमधून फुस्स आवाज आला. तिथे काजळीचा काळा पट्टाही होता. गॅस्केट गेलं होतं. बोनेटखालून केबिनमध्ये जाणाऱ्या वायरींचं एक रबरही फाटलेलं होतं, म्हणजे विषाला वाट तयार.

मग इंजिन बंद करून रबरी हातोडीने कन्व्हर्टर ठोकला. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. आतली सिरॅमिकची जाळी फुटली होती. या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. विषारी वायूंचं तिथे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं. ती उगाच फुटत नाही. प्लग काढले तर एक काळा आणि ओला, त्याच्या वायरला तडा. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कन्व्हर्टरमध्येच जळत होतं आणि जाळीला भाजून काढत होतं. वायर न बदलता नवा कन्व्हर्टर बसवला असता, तर तोही तसाच गेला असता.

एका गॅरेजवाल्याने साहेबांना सल्ला दिला होता, की डबाच काढून टाका आणि सरळ पाइप जोडा, पिकअप वाढेल. पिकअपचं माहीत नाही, पण प्रदूषणाच्या नियमांत ते बसत नाही. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं या जाळीला निकामी करतं, म्हणून त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. एवढा खटाटोप काही डबा फेकून देण्यासाठी केला नव्हता.

जे. सी. रोडला दोन रविवार घालवले. इंजिनाची क्षमता आणि पाइपचा व्यास जुळणारा कन्व्हर्टर मिळाला, फ्लँज वेल्ड करून घेतले. जुन्या बोल्टना आदल्या रात्री तेल पाजून ठेवलं होतं, तरी एक तुटलाच. नवा बसवताना डब्यावरचा बाण मागच्या दिशेला आहे ना, हे पाहिलं. ऑक्सिजन सेन्सर पुन्हा लावला, गॅस्केट आणि लटकणारी रबरं नवी घातली. उष्णतारोधक पत्रा तर हट्टाने बसवला. वर फायबर आहे, लोखंड नव्हे. शेवटी ते फाटकं रबरही बदललं.

शिवाजीनगरचा एक भंगारवाला जुन्या डब्यासाठी दोनदा येऊन गेला. त्याला आतल्या धातूंची किंमत माहीत होती.

त्या आठवड्यात पाऊस लागून होता. साहेब छप्पर लावून देवनहळ्ळीपर्यंत जाऊन आले आणि रात्री फोन केला. डोकं ठीक होतं. आता डाव्या चाकाकडून टकटक येते म्हणे.