आबांचा 'चढ'

परवा इंदूरला घरी गेलो होतो. अकरावीतली पुतणी वही घेऊन आली. "काका, वाय = २एक्स + ३ ला समांतर, (४, १) मधून जाणारी रेषा. फॉर्म्युला पाठ आहे, पण जमत नाही."

आबा काही सांगायला लागले, तसं मी म्हणालो, "आबा, आता असं शिकवत नाहीत." ते गप्प झाले.

मी दोनदा सांगूनही तिला समजेना. शेवटी तीच आबांकडे गेली.

"अगं, स्लोप म्हणजे चढ. समांतर रेषांचा चढ सारखाच असतो. म्हणून २ तसाच ठेव, शेवटचा आकडा शोध."

तिने बिंदू घातला : १ = २ × ४ + सी. सी आला −७. म्हणजे वाय = २एक्स − ७. "एवढंच?" म्हणून ती हसली.

मी बीई झालेला, रोज कोड लिहिणारा. पण स्लोपला चढ म्हणतात हे मला पस्तिशीत कळलं. आबा तीस वर्षं गणित शिकवत होते. मीच कधी विचारलं नाही.

आता रोज संध्याकाळी ती वही घेऊन आबांजवळ बसते. फोनवर आबांचा आवाजही खणखणीत वाटतो.