झाशीहून सागराकडे : एकेरी जलप्रवास

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये समुद्राची आठवण यावी असे काही नाही. सभोवार बुंदेलखंडाचा खडकाळ मुलूख, आणि मुंबईचा किनारा हजार किलोमीटरांहून दूर. तरीही वाचकहो, या गावाचे सागराशी जुने नाते आहे. झाशीचे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडील कोट गावचे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून निघाले आणि पायी प्रवास करीत याच झाशीत येऊन राहिले.

पूर्वजांचा तो कोकणकिनारा बोटीतून पाहण्याची इच्छा येथील कुटुंबांना झाली, तर मुंबई ते गोवा हा एकेरी जलप्रवास सोयीचा आहे. पंजाब मेल झाशीहून थेट मुंबईस नेते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर जवळच आहे. बोट मुरगाव बंदरास लागते, आणि जवळच्या वास्को द गामा स्थानकातून सुटणारी गोवा एक्सप्रेस पुणे व भोपाळमार्गे आपणांस पुन्हा झाशीस आणते.

तिकीट घेण्यापूर्वी वेळापत्रक नीट पाहावे. मुंबईहून निघून मुंबईसच परतणाऱ्या फेरीत गोवा हा केवळ थांबा असतो. आपल्याला शेवटचे बंदर गोवा असलेली फेरी हवी. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, म्हणून त्यानंतरचे महिने निवडावेत. भाडे बहुधा दोघांच्या खोलीत माणशी सांगतात. बंदरशुल्क व कर धरून एकूण रक्कम विचारावी. बिनखिडकीची खोली सामान्यतः सर्वांत स्वस्त पडते. प्रवास रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील, हेही लेखी घ्यावे.

बोटीची तिकिटे काही महिने आधी मिळतात. रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून 60 दिवस आधीच सुरू होते. तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि परतीच्या गाडीस विसरू नये. गाडीस उशीर झाला तरी बोट थांबत नाही, म्हणून मुंबईस एक दिवस आधी पोचावे.

परदेशातही ही सोय आहे. हंगाम बदलताना वसंतात व शरदात मोठ्या बोटी युरोप आणि कॅरिबियन समुद्र यांच्या दरम्यान जातात, तेव्हा एकेरी तिकिटे पुष्कळदा स्वस्त मिळतात. तेथे दोन्ही देशांचे प्रवेशपरवाने आणि परतीचे विमानभाडे आधी हिशेबात धरावे.

बोटीवर चढताच रत्नागिरीचा किनारा कोणत्या वेळी येईल, हे विचारून घ्यावे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना त्या वेळी अवश्य डेकवर न्यावे.