विचारण्याचा तास

गुरुवारी रात्री साडेआठ वाजले की आमची सूनबाई मोबाईल आणि एक वही घेऊन खिडकीजवळ बसते. आमच्याकडे जेवणे दिवेलागणीपूर्वीच आटोपतात. तरीही तो एक तास मला बराच काळ खटकत असे. दिवसभर नाशिकच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि रात्री पुन्हा अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्या मनाला पटत नव्हते. एकदा तसे बोललोही. ती एवढेच म्हणाली, "पप्पा, एकदा शेजारी बसून पाहा ना."

मी बसलो. राज्यभरातील शिक्षकांचा तो व्हॉट्सअ‍ॅप समूह. एक शिक्षक क्रमांक देऊन प्रश्न मांडतो, उत्तर देणाऱ्याने तोच क्रमांक लिहायचा, दहा मिनिटांनी पुढचा प्रश्न. शुभेच्छांची चित्रे आणि राजकारण वर्ज्य. ठरलेल्या वेळी असे एकत्र येण्याची पद्धत अमेरिकेतील काही शिक्षकांनी २००९ मध्ये ट्विटरवर 'एडचॅट' नावाने सुरू केली होती, हे मला नंतर समजले.

त्या दिवशी सूनबाईने लिहिले, "माझी तिसरीची मुले ५०३ मधून २६८ वजा करताना ३६५ उत्तर लिहितात. तीनदा शिकवले. माझे काय चुकते?"

मी चमकलो. इतक्या लोकांसमोर 'माझे काय चुकते' असे विचारायचे! बँकेत संगणक नवे होते तेव्हा चुकलेली नोंद कशी उलटवायची हे मला येत नव्हते. अधिकारी असून विचारायचे कसे, म्हणून मी गप्प राहिलो. फरक निघाला आणि खुलासा मात्र माझ्या हाताखालच्या लिपिकाला द्यावा लागला. तेव्हाही मी गप्पच होतो.

इकडे उत्तरे येऊ लागली. एका शिक्षिकेने दाखवून दिले, की मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. म्हणजे त्यांच्या चुकीलाही नियम आहे. दुसऱ्याने सुचवले, मुलांच्या हाती खेळातल्या नोटा द्या. शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी. आठ रुपये द्यायचे तर सुटे नाहीत. दहाची नोटही नाही. मग शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यांतली एक मोडून रुपयाची दहा नाणी. आता चार शंभर, नऊ दहा आणि तेरा सुटे. दिल्यावर उरले २३५.

"अगं, हे तर रोखपालाचे काम!" मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी जुन्या दिनदर्शिकांच्या पुठ्ठ्यांतून मीच नोटा कापून दिल्या. पुढच्या गुरुवारी तिने समूहावर प्रामाणिकपणे कळवले, की बऱ्याच मुलांना जमले, काहींना अजून नाही. त्यावरही चार नव्या सूचना आल्या.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. तेव्हा माझ्या हिशेबी मनाला नवल वाटले होते. या समूहातही कोणी किती दिले, कोणी किती घेतले, याची खतावणी कोणीच ठेवत नाही, हे पाहिल्यावर ते नवल थोडे ओसरले.

गेल्या महिन्यात मी त्या जुन्या सहकाऱ्याला दूरध्वनी केला. ती नोंद उलटवणे मला येत नव्हते आणि दोष तुमच्यावर गेला, हे इतक्या वर्षांनी एकदाचे सांगितले. क्षणभर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, मलाही येत नव्हते. विचारले असते, तर दोघे मिळून शिकलो असतो."