कुसळ

मुसळाशीं तुलना करून म्हणीनें कुसळास क्षुद्र ठरविलें. परंतु माळरानावरच्या कुसळी गवताचें कणीस मीं भिंगाखालीं धरलें, तेव्हां तें मत टिकेना. खालच्या फुलांना कुसळ नाहीं; वर, जेथें बीं धरतें तेथेंच तें बोटभर लांब वाढतें. या भेदावरूनच पर्सून यांनीं १८०७ सालीं या प्रजातीस ‘हेटेरोपोगॉन’, म्हणजे ‘भिन्न दाढीचें’, हें नांव दिलें. कुसळ वाळलें कीं पीळ घेतें, भिजलें कीं उलगडतें; त्या फिरकीनें टोकदार बीं मातींत रुततें. तीच फिरकी मेंढराच्या कातड्यांतही शिरते. म्हणून हें गवत कोंवळेपणींच चारावें. आपणांस जो उपद्रव वाटतो, तो मुळांत मातेनें लेंकरास मातींत घर करण्यासाठीं दिलेला आधार आहे.