अब्बांचा खड्डा आणि आमची लिफ्ट

आमचे गॅरेज घराच्या पडवीलाच लागून आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून गावात वळले की डाव्या हाताला दुसरे घर आमचे. अब्बांनी तिथे 40 वर्षे गाड्या दुरुस्त केल्या, त्याही बहुतेक जमिनीत खणलेल्या खड्ड्यात उभे राहून. पुढे आम्ही दोघे भाऊ त्याच खड्ड्यात उतरलो. कोकणातल्या खड्ड्याचे पावसाळ्यात काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जूनमध्ये पाणी झिरपू लागते. पंप लावून उपसले तर जोहरपासून असरपर्यंत पुन्हा घोटाभर. मग चार महिने जॅक आणि घोडी लावायची आणि गोणपाटावर पाठ टेकून काम करायचे.

पाणी निदान दिसते तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. टाकीचा पाइप सोडला की ती खड्ड्याच्या तळाशी जाऊन साचते. एलपीजीचेही तसेच. सीएनजी हलका, तो वर निघून जातो. तळाशी वाफ साचलेली असताना हातातला दिवा पडून फुटला तर पुढे काय, याचा विचार आम्ही करत असू आणि अब्बा करत नसत. गुडघे गेले तरी ते खड्ड्यात उतरत, कारण गिअरबॉक्सचा आवाज स्वतः खालून ऐकल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. "अल्लाहने इतकी वर्षे राखले," हे त्यांचे उत्तर. एकदा बाजी माहेरी आली होती, ती म्हणाली, "अब्बा, आधी उंट बांधायला सांगितलंय, तवक्कुल त्यानंतर." अब्बा तिच्यापुढे कधी बोलत नाहीत.

अब्बांनी होकार दिला तो दोन अटींवर. व्याजाचे कर्ज काढायचे नाही आणि अम्मीच्या व त्यांच्या हजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही. विक्रेता हप्त्यावर द्यायला तयार होता. किंमत रोखीपेक्षा जास्त, पण एकदाच ठरलेली. मौलानांना विचारले. ते म्हणाले, उधारीची किंमत सुरुवातीलाच पक्की असेल तर हरकत नाही, पण हप्ता चुकला की रक्कम वाढते का ते पाहा. कागदात नेमके तेच कलम होते. ते सोडले. शेवटी मशिदीजवळच्या दुकानदारांबरोबर भिशी लावली. 15 जण, महिन्याला 10 हजार. लिलावाची नव्हे, चिठ्ठीची, म्हणजे कुणालाही दीड लाखातला एक रुपया कमी नाही की जास्त नाही. आमची चिठ्ठी सहाव्या महिन्यात निघाली.

तोपर्यंत आम्हाला निवड करायला वेळ मिळाला, हे बरेच झाले. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते. ती भक्कम, जमिनीवरही भार वाटून पडतो. पण चाके मोकळी होत नाहीत. ब्रेक आणि सस्पेन्शनचे काम करायचे तर वर आणखी एक जॅक लावावा लागतो. आमचे निम्मे काम ब्रेक आणि सस्पेन्शनचेच, म्हणून दोन खांबांची. क्षमता 4 टन. बोलेरो दीड टनाच्या थोडी पुढे, मग 4 टन कशाला, असे अम्मीने विचारले. प्रश्न रास्त होता. चार हात असतात, एका हाताच्या वाट्याला एकच टन येतो, आणि गाडीचे वजन चारही हातांवर सारखे पडत नाही. इंजिनाकडची बाजू जड. शिवाय गिअरबॉक्स उतरवला की तोल बदलतो, त्यासाठी मागे उभा टेकू लावावाच लागतो.

उंचीने मात्र घाम काढला. लिफ्ट गाडीला सहा फूट उचलते, बोलेरोच स्वतः सहा फुटांच्या वर. बेरीज 12 फुटांच्या पुढे जाते आणि आमच्या मंगळुरी कौलांचे वळचणीकडचे टोक जेमतेम आठ फुटांवर. तेवढ्या भागाची कौले उतरवून 14 फुटांवर पत्रा टाकला. कौले दादांच्या हातची. अम्मीने ती मोजून न्हाणीघरामागे रचून ठेवली आहेत.

लिफ्ट घेणाऱ्याने मशीनपेक्षा जमिनीकडे जास्त पाहावे असे आमचे मत आहे. सगळा भार दोन खांबांच्या पायाशी येतो आणि खांब उभे असतात ते फक्त बोल्टांवर. आमचा कोबा दोन इंचांचा, खाली लाल माती आणि जांभा. गवंडी म्हणाला, वरून आणखी दोन इंच ओततो. आम्ही नाही म्हटले. जुना कोबा फोडून दोन्ही खांबांखाली एकच सलग स्लॅब घेतला, फूटभर जाड, सळईच्या दोन जाळ्या घालून, एम 25 दर्जाच्या काँक्रीटचा. पूर्ण ताकदीसाठी 28 दिवस धरायचे. ते बरोबर रमजानमध्ये आले. सेहरी झाली की एक भाऊ गोणपाट भिजवायचा, असरनंतर दुसरा. फिटर दहाव्या दिवशीच यायला तयार होता, त्याला ईदनंतर बोलावले.

बोल्टांची भोके पाडल्यावर आतली भुकटी हवेने फुंकून काढावी लागते. अँकर बोल्ट फुगून काँक्रीटच्या कडांना धरतो, भुकटी राहिली तर पकड बसत नाही. फिटरला घाई होती. अब्बा खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक भोकात त्यांनी स्वतः टॉर्च मारून पाहिला. खांब लेव्हलला लावून, खाली पत्र्याच्या पट्ट्या सारून मग टॉर्क पान्याने बोल्ट आवळले. आठवड्याने पुन्हा तपासले.

विजेचा विचार आधीच केला होता. थ्री फेज नसल्याने सिंगल फेज मोटार घेतली. लिफ्ट वर गेली की खटक्यांवर थोडी खाली टेकवायची, म्हणजे वजन तेलावर न राहता लोखंडी खटक्यावर येते. पण खटका सोडवायला गाडी आधी जराशी उचलावी लागते. वीज गेली तर गिऱ्हाइकाची गाडी वरच! म्हणून हातपंपाची सोय मागून घेतली. पावसाळ्यात ती चारदा उपयोगी पडली.

आता गाडी वर घेताना चाके जमिनीपासून वीतभर सुटली की थांबतो, गाडी हलवून पाहतो, मगच पुढे. खाऱ्या हवेमुळे लोखंडी दोरांना दर महिन्याला ग्रीस. पोरांनी पिवळ्या पट्ट्याच्या आत यायचे नाही, हा अब्बांचा कायदा. ते स्वतः काठी टेकत गाडीखाली सरळ उभे राहतात, कान लावतात आणि बेअरिंग गेले की क्लच, ते सांगतात. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत. तो बुजवू का, असे विचारले की ते विषय बदलतात.

भिशीचे अजून चार हप्ते भरायचे आहेत.